पित्ताशय काढले, कळ थांबली; पण पोटाचे तंत्र बिघडले

प्रश्न : मी ४९ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. खड्यांच्या त्रासामुळे चार महिन्यांपूर्वी माझे पित्ताशय दुर्बिणीतून काढण्यात आले. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठणारी कळ पूर्ण थांबली, परंतु तेव्हापासून काहीही खाल्ले की अर्ध्या तासात शौचास पळावे लागते. शौचाला पातळ, पिवळसर आणि जळजळ करणारे होते. सकाळी तर दोन-तीनदा जावे लागते. पोट फुगते, तोंड कडू पडते. शाळेत पंचाईत नको म्हणून सकाळी चहाशिवाय काही घेत नाही, दुपारचा डबा बहुतेकदा तसाच परत आणते आणि रात्री घरी आल्यावर पोटभर जेवते. तेल, तूप, दूध सारे बंद केले आहे. वजन चार किलोंनी उतरले. डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रिया उत्तम झाली आहे, हळूहळू सवय होईल. सासूबाई म्हणतात, पिशवी काढली की जन्मभर मऊभातच. थायरॉइडची गोळी पूर्वीपासून चालू आहे. पित्तावरची एक गोळी शस्त्रक्रियेपासून रोज घेते, पण फरक नाही. पोट नीट साफ होत नाही असे वाटते, म्हणून रात्री एक चूर्णही घेते. हे असेच राहणार का? काय खावे, कोणते औषध घ्यावे? आणि श्रावणी सोमवारचे उपवास धरले तर चालतील का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची नोंद बरगडीखालची कळ थांबल्याची आहे. ज्यासाठी शस्त्रक्रिया केली ते दुखणे गेले, तेव्हा पित्ताशय काढण्याचा निर्णय चुकला अशी शंका मनात आणण्याचे कारण नाही. मात्र चार महिने उलटल्यावरही ‘सवय होईल’ या आश्वासनावर तुम्ही थांबून राहावे, हे मला पटत नाही. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे पोट जड वाटणे, गॅस होणे, शौचास पातळ होणे हे पुष्कळांना होते आणि बहुतेकांचे ते आपोआप निवळते. ज्यांचे निवळत नाही त्यांच्यासाठी ठरलेले, जुने आणि बऱ्यापैकी खात्रीचे उपचार आहेत. अडचण एवढीच की शल्यचिकित्सकांच्या दृष्टीने अशा रुग्णाचे काम पूर्ण झालेले असते, आणि घरच्या डॉक्टरांना ती शस्त्रक्रियेशी संबंधित बाब वाटते. त्यामुळे दोघांच्या मध्ये ही तक्रार कोणाचीच राहत नाही.

आधी हे का होते ते पाहू, कारण ते कळले की आहाराचे बरेचसे नियम तुमचे तुम्हालाच सुचतील. पित्त तयार होते ते यकृतात, आणि तेही दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशयाचे काम ते साठवण्याचे आणि त्यातील पाणी शोषून ते दाट करण्याचे. या पिशवीत जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावते. स्निग्ध पदार्थ जठरातून लहान आतड्यात उतरले की तेथून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक रक्तात सुटते, पित्ताशय आकुंचन पावते आणि दाट पित्ताचा साठा नेमक्या वेळी अन्नावर येऊन पडतो. पित्ताशय काढल्यानंतर पित्त कमी होत नाही, कारण यकृत आपले काम पूर्वीसारखेच करत असते. फरक पडतो तो वेळेत. पित्त आता साठून न राहता दिवसरात्र थोडे थोडे आतड्यात उतरत राहते. म्हणून साधे, बेताच्या तेलातुपाचे अन्न व्यवस्थित पचते. एकदम पुष्कळ तेलकट आले तर मात्र त्या क्षणी हाताशी असलेले पित्त अपुरे पडते, आणि न पचलेले तेल पुढे सरकून पोट फुगवते.

तुमच्या मुख्य तक्रारीचे कारण मात्र याच्याही पुढचे आहे. पित्तातील क्षार आपले काम झाले की लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात परत शोषले जातात आणि रक्तावाटे यकृताकडे जातात. त्यांतील सुमारे ९५ टक्के असे परत मिळतात, आणि तेच क्षार दिवसातून अनेकदा ही फेरी करतात. पित्ताशय नसले की या फेऱ्या वाढतात. कधी कधी लहान आतड्याची शोषून घेण्याची क्षमता त्यांना पुरी पडत नाही, आणि उरलेले पित्तक्षार मोठ्या आतड्यात उतरतात. तेथे त्यांचे काहीच काम नसते. ते आतड्याच्या अस्तराला पाणी सोडायला लावतात आणि आतड्याची हालचाल वाढवतात. पिवळसर रंग, जळजळ, जेवताच लागणारी घाई आणि सकाळी वाढणारा त्रास हे सारे या चित्राशी जुळते. रात्रभर पोटात अन्न नसते, पण पित्त उतरतच असते. पित्ताशय काढलेल्या शंभर जणांपैकी पाच ते वीस जणांना असे जुलाब होतात, असे निरनिराळ्या पाहण्यांत आढळले आहे. तेव्हा तुमची तक्रार दुर्मीळ नाही आणि मनाची तर मुळीच नाही.

तरीही पत्रावरून निदान पक्के करता येत नाही, आणि आपल्याकडे एक गोष्ट सर्रास घडते: एकदा पिशवी काढली की पुढे पोटाच्या प्रत्येक तक्रारीचे खापर त्या नसलेल्या पिशवीवर फुटते. तुमच्या बाबतीत तीन गोष्टी मला आधी तपासाव्याशा वाटतात, आणि तिन्ही तुमच्या औषधांच्या डब्यातच आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे रात्रीचे चूर्ण. पोट साफ होण्यासाठी मिळणाऱ्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते, आणि सोनामुखी हे सरळसरळ रेचक आहे. डब्यावरील घटकांची यादी वाचा. दिवसातून चार-पाच वेळा पातळ होत असताना ‘पोट नीट साफ झाले नाही’ असे वाटते ते आतड्याचा शेवटचा भाग चिडलेला असल्यामुळे. तेथे खरोखर काही साचलेले नसते. अशा आतड्याला रात्री रेचक द्यायचे आणि सकाळी घाई झाली म्हणून घाबरायचे, हा क्रम आजच थांबवायला हवा. चूर्ण बंद केल्यावर आठवडाभरात त्रास निम्म्यावर आला, तर अर्धे उत्तर तेथेच मिळाले असे समजा.

दुसरी गोष्ट थायरॉइडची गोळी. तिची मात्रा शरीराला जास्त होऊ लागली की वजन उतरते, शौचास वारंवार होते, छातीत धडधडते, हात थरथरतात. तुमचे वजन चार किलोंनी कमी झाले आहे, आणि त्याचे कारण अपुरे जेवण असण्याचीच शक्यता अधिक आहे. पण टीएसएच ही रक्ताची साधी तपासणी केल्याशिवाय ते गृहीत धरू नये. तिसरी गोष्ट ‘पित्तावरची’ गोळी. ती गोळी जठरातील आम्ल कमी करते. यकृतातून उतरणाऱ्या पित्तावर तिचा काहीही परिणाम होत नाही. त्यामुळे तिचा उपयोग झाला नाही यात नवल नाही. या वर्गातील गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने काही जणांना जुलाब होतात, हेही माहीत असावे. शस्त्रक्रियेनंतर थोड्या दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी कोणी बंद करायला सांगितले नाही म्हणून महिनोन्महिने चालू राहते, असे फार वेळा दिसते. तिची गरज अजून आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. इतर वाचकांसाठी येथेच सांगतो की मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि खडे विरघळावेत म्हणून दिली जाणारी अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी, या दोन्हींमुळे शौचास पातळ होऊ शकते. पित्ताशय काढल्यावरही दुसरी गोळी तशीच चालू असेल तर ती का घेत आहोत, हे विचारण्यात संकोच नसावा.

याच भेटीत साधी रक्ततपासणी, यकृताच्या कार्याची तपासणी, शौचाची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. टाकीच्या किंवा विहिरीच्या पाण्यातून आलेला जिआर्डियासारखा परजीवी महिनोन्महिने पातळ शौचाचे कारण होऊन बसतो आणि काही दिवसांच्या औषधाने जातो. तो केवळ शौच तपासली नाही म्हणून राहून जाऊ नये. गव्हातील ग्लुटेन न सोसण्याचा विकार असेल तर तोही रक्ताच्या चाचणीत लक्षात येतो. तुमचे वय पन्नाशीला टेकले आहे. त्यामुळे वजन उतरतच राहिले, शौचातून रक्त पडले, हिमोग्लोबिन कमी आढळले किंवा शौचाच्या घाईने रात्री झोपेतून उठावे लागू लागले, तर मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी टाळू नये.

काही लक्षणे मात्र वाट पाहण्याजोगी नसतात. पूर्वीसारखी कळ पुन्हा उठणे, डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद आणि शौच पांढुरकी होणे, थंडी वाजून ताप येणे, पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारे तीव्र दुखणे, किंवा उलट्या न थांबणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पित्ताशय गेले तरी पित्तनलिका असतेच, आणि तिच्यात मागे राहिलेला किंवा नव्याने झालेला खडा अडकू शकतो. अशा वेळी एमआरसीपी ही तपासणी करून नलिकेचे चित्र पाहतात आणि खडा असल्यास तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढतात. पुन्हा पोट उघडावे लागेल या भीतीने दुखणे अंगावर काढू नये. तुमच्या पत्रात यांपैकी एकही लक्षण नाही, हे समाधानाचे आहे.

आता तुमच्या दिनक्रमाकडे येतो, कारण मला खरी गोम तेथे दिसते. सकाळी रिकाम्या पोटी चहा, दुपारी उपास आणि रात्री पोटभर जेवण, ही रचना तुम्ही शाळेत पंचाईत होऊ नये म्हणून केली आहे. परंतु पित्ताशय नसलेल्या माणसासाठी याहून गैरसोयीची रचना सुचवणे कठीण आहे. दिवसभर उतरणारे पित्त अन्नाशिवाय आतड्यातून पुढे जाते, आणि दिवसभराचे सारे अन्न रात्री एकदम येते. घोड्याला निसर्गतःच पित्ताशय नसते, आणि तो एकदा पोटभर खाण्याऐवजी दिवसभर थोडे थोडे चरत असतो. तुम्हालाही काही महिने तसेच करावे लागेल.

शाळेला निघण्याच्या किमान दीड तास आधी काहीतरी खा: दोन इडल्या आणि डाळीची पातळ चटणी, किंवा तांदळाची पेज आणि मेतकूट, किंवा नाचणीची ताकातली आंबील. खाल्ल्यावर घाई होणारच असेल तर ती घरी होऊन जाऊ द्या. चहा त्यानंतर, आणि अर्धा कप. तुम्ही दूध बंद केले आहे असे लिहिता, परंतु चहातले दूध आपण कोणीच मोजत नाही. कडक चहाने आणि विशेषतः कॉफीने मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, आणि उपाशीपोटी घेतल्यास अधिकच. दुपारचा डबा परत आणू नका. एक भाकरी किंवा दोन पातळ पोळ्या आणि दुधी, दोडका, पडवळ अशी भाजी हे जेवण मधल्या सुट्टीला पुरेसे आहे. संध्याकाळी घरी आल्यावर केळे किंवा राजगिऱ्याच्या लाह्या, आणि रात्री आठच्या आत साधे जेवण. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर राहिले की तोंड कडू पडण्याचा त्रासही कमी होईल. उशिरा आणि भरपेट जेवून लगेच आडवे झाल्यास आम्ल आणि पित्त दोन्ही वर येऊ शकतात. तरीही कडवटपणा राहिलाच तर जठराची एंडोस्कोपी करून घेणे इष्ट.

तेलातुपाविषयी माझे मत घराघरांत चालणाऱ्या समजुतीपेक्षा वेगळे आहे. ‘सारे बंद’ हा उपाय नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषली जाण्यासाठी आहारात स्निग्धांश लागतोच, आणि तो पूर्ण तोडल्यावर तुमच्यासारखे वजन उतरते. प्रश्न आहे तो एका वेळी किती, याचा. वरणभातावर चहाच्या चमच्याने एक चमचा तूप घेतले तर सुमारे पाच ग्रॅम स्निग्धांश पोटात जातो, आणि तो थोड्या थोड्या उतरणाऱ्या पित्तालाही सहज पेलतो. याउलट वडापाव, मिसळीचा कट, तळलेली मासळी किंवा लग्नातले पंगतीचे जेवण एका बैठकीत याच्या कितीतरी पट देते. घरात तेल किती लागते याचा अंदाज नसेल तर डब्यावरून हिशेब करा. तिघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्याला संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ५५ मिलिलिटर तेल येते. निरोगी माणसालाही ते फार झाले. तुमच्यासाठी दिवसभरात तीन-चार चहाचे चमचे तेल-तूप मिळून, तेही सगळ्या जेवणांत विभागून, एवढे सध्या योग्य ठरेल.

आणि येथे एक गोष्ट तुमच्याही नजरेतून सुटली असण्याचा संभव आहे. सातारा-सांगलीकडच्या स्वयंपाकात तेल कमी केले तरी शेंगदाण्याचे कूट आणि सुक्या खोबऱ्याचे वाटण सुटत नाही. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलच असतो, आणि सुक्या खोबऱ्यात तर त्याहून अधिक. म्हणजे फोडणीचे तेल चमच्याने मोजायचे आणि त्याच भाजीत मूठभर कूट घालायचे, असे केले तर मोजण्याचा उपयोग राहत नाही. काही आठवडे भाजीला कुटाऐवजी थोडे डाळीचे पीठ लावा किंवा ती मुगाच्या डाळीबरोबर शिजवा. चव थोडी बदलेल, घरात कुरकुर होईल. तुमच्यापुरती भाजी कूट घालण्याआधी बाजूला काढली तर तीही टळेल.

तंतुमय पदार्थांविषयीही सरसकट सल्ला उपयोगाचा नाही. जुलाब होत असताना कच्च्या कोशिंबिरी, कोंड्यासकट जाड दळलेले पीठ आणि अख्खी कडधान्ये आतड्याला आणखी चाळवतात. पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारे तंतू मात्र उपयोगी पडतात, कारण ते पाणी आणि काही प्रमाणात पित्तक्षारही धरून ठेवतात. ओट्स, पिकलेले केळे, शिजवलेले गाजर, लाल भोपळा, सोललेले सफरचंद यांत ते असतात, आणि सर्वांत सोपा मार्ग म्हणजे इसबगोल. लोक ते बद्धकोष्ठासाठीच असते असे समजतात, परंतु पातळ शौचाला आकार देण्याचे कामही ते करते. एक चहाचा चमचा इसबगोल वाटीभर ताकात किंवा पाण्यात कालवून दुपारच्या जेवणाबरोबर घ्यावे आणि दिवसभरात पाणी पुरेसे प्यावे. पहिल्या आठवड्यात गॅस वाढल्यासारखा वाटेल, म्हणून एकदम दोन-तीन चमच्यांवर जाऊ नये. दुधाबाबत असे करा: पंधरा दिवस चहातलेही दूध पूर्ण बंद ठेवा आणि नंतर अर्धा कप घेऊन पाहा. त्रास वाढला नाही तर दुधाचा दोष नव्हता; वाढला तर दही-ताकावर भागवा, ते बहुतेकांना चालते.

या साऱ्या बदलांना दोन-तीन आठवडे द्या. त्या काळात एका जुन्या वहीत काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि शौचास केव्हा व कसे झाले, एवढेच लिहीत जा. डॉक्टरांसमोर ‘सारखे जावे लागते’ म्हणण्यापेक्षा ती दोन पाने पुढे करणे अधिक परिणामकारक ठरते, हे तुम्ही शिक्षिका असल्याने वेगळे सांगायला नको.

एवढे करूनही घाई राहिलीच, आणि इतर तपासण्या ठीक आल्या, तर डॉक्टरांना कोलेस्टायरामीनविषयी विचारा. ही एक प्रकारची राळ आहे. पुडीत चार ग्रॅम पूड येते, ती पाण्यात किंवा रसात कालवून घ्यायची असते आणि चवीला वाळूसारखी खरखरीत लागते. ती रक्तात शोषली जात नाही. आतड्यातील पित्तक्षारांना धरून ठेवते आणि त्यांच्यासह शौचावाटे बाहेर पडते, त्यामुळे मोठ्या आतड्याची चिडचिड थांबते. बहुधा कमी मात्रेपासून सुरुवात करून ती गरजेप्रमाणे वाढवतात, आणि उपयोग होणार असेल तर काही दिवसांतच जाणवतो. पित्तक्षारांमुळे होणाऱ्या जुलाबांचे निदानही पुष्कळदा याच मार्गाने होते: औषध देऊन पाहायचे, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पोट बांधले गेले तर कारण तेच होते असे मानायचे. मात्रा जास्त झाली तर बद्धकोष्ठ होते, आणि पोटफुगी काही काळ वाढू शकते. फार काळ घ्यावी लागली तर ड आणि के जीवनसत्त्वांकडे आणि रक्तातील ट्रायग्लिसराइडकडे लक्ष ठेवावे लागते.

तुमच्यासाठी यात एक मोठी खबरदारी आहे. ही पूड पित्तक्षारांबरोबर इतर औषधेही धरून ठेवते, आणि थायरॉइडची गोळी त्यांत अग्रभागी आहे. दोन्ही एकत्र घेतल्या तर गोळी घेऊनही न घेतल्यासारखी होईल. गोळी आणि पूड यांत किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे. पहाटे उठल्याबरोबर गोळी आणि दुपारच्या जेवणाआधी पूड, असे वेळापत्रक डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल, आणि पूड सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहावे. इसबगोलही गोळीच्या वेळेपासून दूरच ठेवा. रक्त पातळ करण्याची औषधे किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनीही ही पूड डॉक्टरांना विचारल्याखेरीज सुरू करू नये.

जुलाब रोखणारी लोपेरामाइडची गोळी सहलीच्या किंवा परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या दिवसापुरती आधाराला घेता येते, मात्र ताप असताना किंवा शौचातून रक्त पडत असताना ती कदापि घेऊ नये. याउलट पाचक एन्झाइमच्या गोळ्या, बैलाच्या पित्तापासून केलेल्या कॅप्सूल आणि यकृत ‘शुद्ध’ करणारी पेये यांवर पैसे घालवू नका. तुमचे स्वादुपिंड एन्झाइम तयार करत आहे, यकृत पित्त तयार करत आहे. तुमचा त्रास पित्त कमी पडल्याचा नसून ते भलत्या ठिकाणी पोहोचल्याचा आहे, आणि वरून आणखी पित्त दिल्यास तो वाढेलच.

जळजळीविषयी तुम्ही ओझरते लिहिले आहे, बहुधा संकोचाने. पित्तक्षारांमुळे गुदद्वाराजवळची त्वचा खरोखर सोलवटते. दर वेळी साबण लावू नका, कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपा आणि खोबरेल तेलाचा किंवा झिंकयुक्त मलमाचा पातळ थर लावा; दोन-चार दिवसांत आराम पडेल. शाळेत मुख्याध्यापकांना किंवा एखाद्या सहकारी शिक्षिकेला विश्वासात घेऊन, काही आठवडे पहिल्या तासाला गरज पडल्यास वर्ग सांभाळण्याची सोय करून ठेवा. वर्गातून उठता येणार नाही या धास्तीनेच घाई वाढते, आणि सोय आहे एवढे ठाऊक असले की पुष्कळदा तिचा उपयोग करण्याची वेळ येत नाही.

सासूबाईंच्या म्हणण्यामागे त्यांच्या काळाचा अनुभव आहे, तेव्हा त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी मुंबईत १९९० साली केली. त्याआधी बरगडीखाली मोठा छेद घेऊन हे काम होत असे, रुग्ण कितीतरी दिवस अंथरुणावर असे आणि पथ्यही तितकेच लांबे. परंतु मऊभात जन्मभर खावा असे तेव्हाही कोणते शास्त्र सांगत नव्हते. कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये १८८२ साली पहिल्यांदा पित्ताशय काढले, आणि तेव्हापासून असंख्य माणसे पित्ताशयाविना सर्वसाधारण आहार घेत जगत आली आहेत. तुमचे पोट बांधले गेले की एकेक पदार्थ, थोडा थोडा, आठवड्याला एक या बेताने परत आणा. कूटही परत येईल, बेताने. काही पदार्थ मात्र बहुधा कायमचे मोजूनच खावे लागतील. बटाटावडा एक खाल्ला तर निभेल, तीन निभणार नाहीत.

उपवासांचे विचारलेत, तर यंदाच्या श्रावणात ते धरू नका असेच मी सुचवीन, निदान वजन सावरेपर्यंत. तरीही मन राहत नसेल, तर निरंकार उपवास नको, आणि साबुदाण्याची खिचडीही नको, कारण तिच्यात तूप आणि दाण्याचे कूट दोन्ही सढळ असतात. उकडलेले रताळे, केळे, ताक आणि वरईचा मऊ भात दर तीन तासांनी थोडा थोडा घ्या. वरईबरोबर दाण्याची आमटी हवीच असेल तर ती दोन-तीन चमचेच. थायरॉइडची गोळी, आणि पुढे पूड सुरू झाली तर तीही, ठरलेल्या वेळीच घ्यायची. संध्याकाळी उपवास सोडताना नैवेद्याचे पान भरलेले असते आणि दिवसभराची भूकही असते. तेव्हा वरणभात आणि एखादी भाजी एवढ्यावर थांबा, गोडाचा एक घास प्रसाद म्हणून घ्या. आणि सोमवारी उपास आहे म्हणून रविवारी रात्री दोन घास जास्त जेवून ठेवू नका.